यूडी नोंद आणि ‘रिपोर्ट आला की कळवू’: गोव्यात घरच्यांनी कागद मिळवायचे कसे?

तिळारी (धागाकर्ता)

उत्तर गोव्यातल्या एका कुटुंबासाठी हा धागा काढतोय. चोविशीतला मुलगा, पहाटे किनाऱ्यावर देह सापडला. पोलीस स्थानकात यूडी, म्हणजे अनैसर्गिक मृत्यू म्हणून नोंद झाली. गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, शवचिकित्सा झाली आणि ‘मृत्यूचे कारण राखून ठेवले आहे’ असा शेरा आला. त्याला आज ७५ दिवस झाले. स्थानकात गेलं की ‘रिपोर्ट आला की कळवू’.

आईने माहिती हक्काखाली अर्ज केला होता, एकाच वाक्याचा: ‘माझ्या मुलाच्या मृत्यूसंबंधी सर्व माहिती द्यावी.’ १२ दिवसांपूर्वी उत्तर हातात पडलं, तेही एका ओळीचं: चौकशी चालू असल्याने कलम ८(१)(एच) खाली माहिती देता येत नाही.

घरच्यांना कोणावर बोट ठेवायचं नाहीये. मुलगा कसा गेला आणि ते शोधायला कोणी काय केलं, एवढंच त्यांना कळायला हवंय. ‘चांगला वकील बघा’ इतक्यावर थांबू नका, पायऱ्या आणि कलमं लिहा.

कुशावती

आधी कॅलेंडर. नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील करायचं असतं, कलम १९(१). १२ गेले, १८ राहिले. हे हातचं घालवू नका.

आता अर्ज का फसला ते पाहू. ‘सर्व माहिती’ मागितली की नाकारणाऱ्याचं काम सोपं होतं, कारण त्या गठ्ठ्यात एखादा तरी कागद खरोखर गोपनीय निघतो आणि त्याच्या आडून बाकीचेही अडवता येतात. कागद नाव घेऊन मागायचा. नाव घेतलं की अधिकाऱ्याला प्रत्येक कागदाबद्दल वेगळं उत्तर द्यावं लागतं: आहे, नाही, किंवा अमुक कारणाने देत नाही.

८(१)(एच) नीट वाचा. ‘चौकशी चालू आहे’ म्हणून माहिती नाकारा असं तिथे म्हटलेलं नाही. माहिती दिल्याने तपासात, अटकेत किंवा खटल्यात अडथळा येणार असेल तरच नाकारता येते. भगतसिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये हेच सांगितलं: तपास सुरू असणं हे स्वतःहून कारण होत नाही, अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं. दाखवण्याचा भार अधिकाऱ्यावर आहे, कलम १९(५). अपिलात हे दोन मुद्दे आणि तिसरा कलम १० चा: साक्षीदारांची नावं काळी करून उरलेलं द्या.

आणि अपिलाच्या निकालाची वाट बघत बसू नका. त्याच दिवशी नवा, नावनिशीवार अर्ज करा. जुन्या अर्जाचं अपील चालू असताना नवा अर्ज करू नये असं कायद्यात कुठेही नाही.

तिळारी

नावनिशीवार म्हणजे नेमकं काय काय? आईला कागदांची नावंच माहीत नाहीत. खरी अडचण तीच आहे.

कुशावती

तसाच मसुदा देते. पोलीस खात्याच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे, १० रुपये शुल्कासह:

‘यूडी क्रमांक ___/___, पोलीस स्थानक ___, यासंदर्भात पुढील कागदांच्या प्रमाणित प्रती द्याव्यात. देह सापडल्याची पहिली खबर ज्या स्टेशन डायरीत नोंदली त्या नोंदीची प्रत. मरणोत्तर पंचनामा. घटनास्थळाचा पंचनामा व कच्चा नकाशा. देहावरून व जागेवरून ताब्यात घेतलेल्या वस्तूंचा जप्ती पंचनामा. शवचिकित्सेसाठी पाठवलेलं पत्र. शवचिकित्सा अहवाल. व्हिसेरा (तपासणीसाठी काढून ठेवलेले अवयवांचे नमुने) प्रयोगशाळेकडे पाठवल्याचं पत्र, त्याचा जावक क्रमांक, दिनांक आणि प्रयोगशाळेची पोच. उपजिल्हाधिकाऱ्यांना पाठवलेला अहवाल व त्याचा दिनांक. वरीलपैकी एखादा कागद तयारच झाला नसेल तर तसं लेखी कळवावं.’

शेवटचं वाक्य गाळू नका. कधी कधी सगळ्यात महत्त्वाचं उत्तर त्या वाक्याखाली येतं.

केस डायरी, म्हणजे तपास अधिकाऱ्याची स्वतःची तपासाची नोंदवही, मात्र मागू नका. तिला कायद्याचं वेगळं संरक्षण आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेली) कलम १९२, आणि ती मागितली की अख्ख्या अर्जाला गोपनीयतेचा रंग चढतो. स्टेशन डायरी वेगळी, केस डायरी वेगळी.

‘का’, ‘कोण जबाबदार’ असे प्रश्नही नकोत. माहिती हक्काखाली दप्तरात असलेलं मिळतं, खुलासा मिळत नाही. ‘व्हिसेरा उशिरा का पाठवला?’ असं विचारण्यापेक्षा पाठवण्याच्या पत्राची प्रत मागा. तारीख आपोआप बोलते.

शक्य असेल तर प्रतींच्या आधी फाइल बघायला मागा, कलम २(जे). पानांवर क्रमांक घातलेत का, मधली पानं गायब आहेत का, तारखा उलटसुलट आहेत का, हे झेरॉक्सवर कळत नाही. प्रत पानाला २ रुपये. ३० दिवसांची मुदत उलटून गेली की फुकट द्यावी लागते, कलम ७(६).

रानजाई

शवचिकित्सेच्या बाजूचं लिहिते, कारण ‘रिपोर्ट’ या एका शब्दात तीन-चार वेगळे रिपोर्ट दडलेले असतात आणि घरचे एकाची वाट पाहत असताना दुसराच अडकलेला असतो.

‘कारण राखून ठेवले’ याचा अर्थ डॉक्टरांनी नमुने काढून ठेवलेत आणि ते तपासून आल्यावर अंतिम मत देणार. नमुने दोन वाटांनी जातात. विषासाठीचा व्हिसेरा पोलिसांमार्फत न्यायसहायक प्रयोगशाळेकडे, गोव्याची आपली वेर्ण्याला आहे. ऊतींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघायला पॅथॉलॉजीकडे. बुडून मृत्यूचा संशय असेल तर डायटमसाठी (पाण्यातली सूक्ष्म शैवालं) उरोस्थी किंवा मांडीचं हाड, आणि सोबत त्याच जागेचं साधारण लिटरभर पाणी. पाण्याचा नमुना घेतलाच नसेल तर हाडात सापडलेले डायटम कशाशी ताडून बघणार? पंचनाम्यात पाण्याचा उल्लेख आहे का, ते आधी शोधा. डायटम मिळाले किंवा नाही मिळाले, एवढ्यावरून निकाल लागत नाही हेही लक्षात असू द्या. ती चाचणी बाकीच्या पुराव्यासोबत वाचायची असते.

व्हिसेऱ्याच्या बरण्या डोळ्यांसमोर आणा. एकीत जठर आतल्या द्रवासह आणि लहान आतड्याचा सुमारे ३० सेंटिमीटर तुकडा. दुसरीत यकृताचा साधारण अर्धा किलो भाग आणि दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा अर्धा भाग. तिसरीत रक्त, त्यात सोडियम फ्लोराइड. चौथीत नुसतं मिठाचं संपृक्त पाणी, कारण टिकवायला वापरलेलं द्रावण स्वच्छ होतं हे प्रयोगशाळेला तपासावं लागतं. प्रत्येक बरणीवर नाव, शवचिकित्सा क्रमांक, तारीख, सही आणि लाखेचं सील. सीलचा नमुना पत्रासोबत.

बिघडतं ते इथेच. व्हिसेरा चुकून फॉर्मेलिनमध्ये ठेवला तर अल्कोहोल आणि कितीतरी विषांची तपासणी हातची जाते. फॉर्मेलिन ऊतींच्या बरणीत चालतं, विषाच्या बरणीत नाही. रक्त फ्लोराइडशिवाय ठेवलं तर कुजताना त्यात अल्कोहोल तयार होऊ शकतं आणि न प्यायलेला माणूस प्यायलेला दिसतो. सील जुळलं नाही, पत्रातली बरण्यांची संख्या आणि आलेल्या बरण्यांची संख्या वेगळी निघाली, तर प्रयोगशाळा नमुना परत करते. आणि अगदी साधं कारण: बरण्या पोलीस स्थानकाच्या मुद्देमाल खोलीतच राहून गेल्या. म्हणून पाठवण्याच्या पत्राची तारीख आणि प्रयोगशाळेची पोच, हे दोन कागद बाकी सगळ्यांच्या आधी हवेत.

अहवाल हाती आला की मृत्यूच्या कारणाच्या रकान्यावर उडी मारू नका. जखमांचा रकाना वाचा: प्रत्येक जखमेची जागा, लांबी-रुंदी, रंग, आणि ती मृत्यूपूर्वीची की नंतरची. मग पंचनाम्यातल्या जखमा शेजारी ठेवा. दोन्हींत फरक असेल तर तो फरक हाच पुढच्या अर्जाचा पाया.

शापोरा

कागद थांबतील, यंत्रातली नोंद थांबत नाही. ७५ दिवसांत हॉटेलं, शॅक, दुकानं यांचं सीसीटीव्ही बहुतेक पुसून गेलं असणार, कारण १५ ते ३० दिवसांनी त्यावर नवं चित्रण चढतं. तरीही विचारायचं: ‘तपास अधिकाऱ्याने कोणत्या कॅमेऱ्यांचं चित्रण कोणत्या तारखेला घेतलं, त्या पंचनाम्याची प्रत.’ घेतलं नसेल तर तेही कागदावर येऊ दे.

मोबाइलचे कॉल तपशील मात्र आहेत. दूरसंचार कंपन्यांना ते किमान २ वर्षं ठेवावे लागतात. घरच्यांना ते माहिती हक्कातून मिळणार नाहीत, पण पोलीस किंवा न्यायालय संहितेच्या कलम ९४ खाली मागवू शकतं. म्हणून तपास अधिकाऱ्याला पत्र द्या: क्रमांक अमुक, तारखा अमुक ते अमुक, कॉल तपशील टॉवरच्या जागांसह मागवून जतन करावेत. इनवर्डचा शिक्का घ्या.

पोलीस स्थानकातल्या कॅमेऱ्यांबद्दल वेगळं आहे. परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये १८ महिने चित्रण जपायला सांगितलंय, यंत्रणा तेवढी नसेल तर शक्य तितका काळ, पण वर्षापेक्षा कमी नाही. मुलाला त्या रात्री स्थानकात किंवा आउटपोस्टवर नेलं होतं असं कोणी सांगत असेल तर हे लगेच मागा. आणि तो ताब्यात असताना गेला असेल तर प्रकरणाचा सगळा रस्ताच बदलतो: दंडाधिकारी चौकशी बंधनकारक, संहितेचं कलम १९६, आणि शक्य असेल तिथे नातेवाइकांना कळवून हजर राहू द्यायचं असतं.

१०८ रुग्णवाहिका आणि किनाऱ्यावरचे जीवरक्षक विसरू नका. कॉल किती वाजता आला, गाडी किती वाजता पोचली, देह कोणत्या अवस्थेत होता, हे त्यांच्याकडे वेळेसह लिहिलेलं असतं. त्या सेवा खाजगी संस्था चालवतात म्हणून ‘आमच्याकडे नाही’ असं उत्तर येतं. पण ज्या खाजगी संस्थेची माहिती सरकारी खातं कायद्याने मागवू शकतं ती ‘माहिती’तच मोडते, माहिती हक्क कायद्याचं कलम २(एफ). १०८ साठी आरोग्य संचालनालय, जीवरक्षकांसाठी पर्यटन खातं. चुकीच्या दारात अर्ज गेला तर ५ दिवसांत योग्य दारात पाठवणं त्यांचंच काम आहे, कलम ६(३).

भरती-ओहोटीच्या वेळा मुरगाव बंदरासाठी छापल्या जातात. पंचनाम्यात देह ‘पाण्याच्या रेषेपासून इतक्या मीटरवर’ असं लिहिलेलं असेल तर त्या पहाटेची भरती कधी होती ते शेजारी ठेवा.

अबोली

मध्येच विचारते. मृत्यू दाखल्यावर कारण लिहिलेलं नाही, म्हणून घरचे घाबरलेत. काही लपवलंय का?

कुशावती

नाही ताई, तसं काही नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९, कलम १७: मृत्यूच्या उताऱ्यावर कारण द्यायचंच नाही असा नियम आहे. कोणाच्याच दाखल्यावर नसतं. दाखला घ्या, वारसाच्या कामाला लागेल, पण कारण शोधायला तो उपयोगाचा नाही.

सासष्टी

इथे माहिती हक्कावर फार भर दिला जातोय, तिथे मला थोडं थांबवावंसं वाटतं. माहिती हक्काने कागद मिळतो, तपास होत नाही. यूडीची चौकशी मुळात अरुंद असते: माणूस कशाने गेला एवढंच वरवर बघायचं. मनोजकुमार शर्मा विरुद्ध छत्तीसगड, २०१६, त्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की ही चौकशी म्हणजे एफआयआरनंतरचा तपास नव्हे. एफआयआर नाही तोवर संशयिताला अटक नाही, आरोपपत्र नाही, आणि न्यायालयाची नजरही नाही. दोन रस्ते एकदमच चालायला हवेत.

दुसरा रस्ता असा. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ च्या जागी नव्या संहितेचं १९४ आलं. पोलिसांनी अहवाल २४ तासांत जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो. आपल्याकडे उपविभागीय दंडाधिकारी म्हणजे उपजिल्हाधिकारी. तर पहिलं पत्र त्यांना: अहवाल कधी आला, प्रत द्यावी, आणि घरच्यांचं म्हणणं ऐकल्याशिवाय यूडी बंद करू नये. हे पत्र फार कमी लोक देतात आणि फाइल परस्पर बंद होते.

मग तक्रार. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर घ्यावीच लागते, ललिता कुमारी खटला, २०१३. स्थानकात घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालाने, कलम १७३(४). तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्याकडे कलम १७५(३), सोबत शपथपत्र, आणि अधीक्षकांना दिलेल्या अर्जाची प्रत. ती मधली पायरी गाळली म्हणून अर्ज फेटाळले जातात. स्पीड पोस्टची पावती आणि पोच दोन्ही जोडा.

तक्रारीत ‘खून झालाय’ असं ठोकून लिहू नका. विसंगती लिहा, तारीख-वेळ-कागद यांसह. उदाहरणार्थ, ‘शवचिकित्सा अहवालात डोक्याच्या मागे मृत्यूपूर्व जखम नोंदली आहे, पंचनाम्यात ती नाही. मोबाइल जप्तीत नाही.’ आरोपी माहीत नसला तरी चालतं, एफआयआर अज्ञाताविरुद्ध होते.

एफआयआर झाली की घरच्यांचं कायद्यातलं स्थान पक्कं होतं. ‘पीडित’ या शब्दात वारस येतात, आणि ९० दिवसांत तपासाची प्रगती कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, कलम १९३. उद्या क्लोजर रिपोर्ट, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, गेला तर भगवंत सिंग खटल्याप्रमाणे, १९८५, फिर्यादीला नोटीस देऊन ऐकावंच लागतं. नुसत्या नातेवाइकाला नोटीस मिळण्याचा हक्क नाही, तो स्वतः हजर झाला तर ऐकतात. म्हणून फिर्याद आईच्या नावाने असू दे.

हणजूणचं प्रकरण आठवा. फेब्रुवारी २००८ मध्ये १५ वर्षांच्या ब्रिटिश मुलीचा देह किनाऱ्यावर सापडला आणि सुरुवातीला बुडून मृत्यू असंच सांगितलं गेलं. तिची आई मागे हटली नाही, दुसरी शवचिकित्सा झाली, तपास सीबीआयकडे गेला. २०१६ मध्ये बाल न्यायालयात दोघेही सुटले. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने एकाला दोषी धरून १० वर्षांची शिक्षा दिली. ११ वर्षं. दुसरी शवचिकित्सा शक्य झाली, कारण देह तेव्हा उपलब्ध होता. अंत्यसंस्कार व्हायच्या आधी संशय असेल तर त्याच दिवशी दंडाधिकाऱ्याकडे धाव घ्यायची. दफन असेल तर आदेश घेऊन देह पुन्हा काढता येतो. दहनानंतर उरतो तो व्हिसेरा, फोटो आणि कागद.

कुशावती

सासष्टी, दोन्ही रस्ते एकदम हे मान्य. त्यात एक भर: सीबीआयकडे तपास जावा म्हणून पर्वरीला उच्च न्यायालयात याचिका करणार असाल तर त्याआधी गोवा पोलिसांकडचे कागद काढून घ्या. सीबीआयला जून २०११ पासून माहिती हक्काच्या कायद्यातून वगळलंय, भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचे आरोप सोडून. फाइल तिकडे गेली की हे दार जवळपास बंद.

दुसरा खड्डा कलम १८ चा. उत्तर मिळालं नाही की लोक रागाने थेट राज्य माहिती आयोगाकडे तक्रार करतात. मणिपूरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलंय की कलम १८ खाली आयोग दंड करू शकतो, माहिती द्यायला सांगू शकत नाही. कागद हवा असेल तर १९(१) चं पहिलं अपील आणि मग १९(३) चं दुसरं, हाच मार्ग. दंड दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,०००, तो दुसऱ्या अपिलातही मागता येतो.

आता ‘मृताची वैयक्तिक माहिती’ म्हणून ८(१)(जे) पुढे केलं जाईल. नोव्हेंबर २०२५ पासून डेटा संरक्षण कायद्याने त्या पोटकलमातली जनहिताची वाट काढून टाकलीय. कलम ८(२) मात्र शाबूत आहे: जनहित नुकसानापेक्षा मोठं असेल तर माहिती द्यावी. अर्जातच लिहा, ‘मी मृताची आई व वारस आहे, कलम ८(२) चा आधार घेते’, आणि नात्याचा पुरावा जोडा.

१९९७ मध्ये, केंद्राचा कायदा यायच्या आठ वर्षं आधी, गोव्याने स्वतःचा माहिती हक्क कायदा केला होता. त्या गोव्यात एका आईला मुलाच्या पंचनाम्यासाठी अपील करावं लागतं, याचं फार वाईट वाटतं.

शापोरा

दवाखान्यात नेलं होतं का? नेलं असेल तर केस पेपर वेगळा मागा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे नोंदी ३ वर्षं ठेवायच्या आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या. पोलिसांची परवानगी लागत नाही.

अबोली

वकिलाचा खर्च? आणि अर्ज मराठीत चालेल ना?

सासष्टी

आई अर्जदार असेल तर उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२, त्यात स्त्रिया येतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज द्यायचा.

मराठी चालते. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणीसोबत सरकारी कामाला मराठीची मुभा आहे. फक्त कागदांची नावं लिहिताना कार्यालयात रुळलेले शब्द जसेच्या तसे वापरा: यूडी, इनक्वेस्ट (मरणोत्तर) पंचनामा, फॉरवर्डिंग लेटर (पाठवण्याचं पत्र). ‘बोध झाला नाही’ म्हणून अर्ज परत यायला नको.

मानवी हक्क आयोगाकडे जायचं असेल तर घटनेपासून एक वर्षाच्या आत, तेही लिहून ठेवा.

तिळारी

सगळ्यांचे आभार. आज रात्री आईसोबत बसून अपील आणि नवा अर्ज लिहितो, उद्या उपजिल्हाधिकाऱ्यांचं पत्र. एक शेवटचं: अपील हाती द्यावं की पोस्टाने?

कुशावती

हाती. दोन प्रती घेऊन जा, तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख, इनवर्ड क्रमांक आणि घेणाऱ्याची सही घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर वाद न घालता त्याच दिवशी स्पीड पोस्टने पाठवा. जोडायचं काय: मूळ अर्ज, १० रुपयांची पावती, नकाराचं पत्र आणि ते ज्या पाकिटातून आलं ते पाकीट. ३० दिवस मोजायचे ते पत्रावरच्या तारखेपासून की हातात पडल्यापासून, यावर वाद झाला तर पाकिटावरचा टपालाचा शिक्काच कामी येतो.

त्यानंतर अपिलाच्या निकालाला ३० दिवस, फार तर ४५. तेवढ्यात आदेश आला नाही तर पुढच्या ९० दिवसांत पणजीला आयोगाकडे दुसरं अपील. सुनावणीला आईला सोबत न्या, आणि वर दिलेल्या मसुद्याची प्रत समोर ठेवा, एकेक कागद नाव घेऊन विचारता येईल अशी.